पाच मास्तर, एक नाक

नगरच्या एका जुन्या शाळेसाठी मी पाच मास्तरांचे अर्धपुतळे केले आणि पाचही जणांना माझं नाक लावलं.

मुद्दाम नाही. मुद्दाम कुणाला लावावं असं ते नाकच नाही. मुळाशी बसकं, मधे थोडा वेळ बेपत्ता आणि शेंड्याशी एकदम भज्यासारखं फुगलेलं. आमचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी नातेवाइकांना सांगताना ‘मुलगा नाकीडोळी नीटस आहे’ हे वाक्य शिताफीनं टाळून ‘मुलगा शाळेत नोकरीला आहे’ असं सांगितलं होतं. असं नाक पाच थोर माणसांना वाटून टाकण्याइतका मी उदार नाही. ते आपोआप झालं, आणि कसं झालं ते सांगतो.

शाळेत एक खोली होती. मोडके बाक, फाटके नकाशे आणि एक बिनहाताचा सांगाडा एवढ्यांचा तिथं मुक्काम असे. माजी विद्यार्थ्यांच्या मनात आलं की ही खोली रिकामी करून तिथं शाळेच्या पहिल्या पिढीतल्या मास्तरांचं दालन करावं. प्लॅस्टरचे पुतळे, प्रत्येकाला चौथरा, खिडकीतून उजेड. मी याच जिल्ह्यातला, मूळचा संगमनेरचा, जन्मभर नगरला चित्रकला शिकवून निवृत्त झालेला आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माती तुडवत बसणारा. दुसरा कोणी हाताशी नसल्यामुळं काम माझ्याकडं आलं. माझी निवड झाली असं मी लोकांना सांगत असे. बायको जवळ नसेल तर.

समितीचे कार्यवाह म्हणजे निवृत्त तहसीलदार. तहसीलदारी गेली तरी आवाज राहिला होता. ते शेडच्या दारात उभे राहून म्हणाले, ‘‘हुबेहूब पाहिजेत. समोर माणूस उभा आहे असं वाटलं पाहिजे. तक्रार येता कामा नये.’’ आणि पाच फोटो माझ्या हातात ठेवून गेले.

फोटो पाचही समोरून काढलेले. त्या काळात माणसाचा बाजूनं फोटो काढायची पद्धत फक्त पोलीस ठाण्यात असावी. फोटोग्राफरनं ‘श्वास धरा’ म्हटलेलं, मास्तरांनी तो धरलेला, आणि ‘सोडा’ म्हणायचं फोटोग्राफर विसरलेला. पाच जण डोळे वटारून, कान सावरून, थेट माझ्याकडं बघत होते.

आता पुतळ्याला चारी बाजू असतात. समोरची बाजू फोटोवरून जमली. शाडू मातीत कपाळ, डोळे, गालांची हाडं, मिशा, सगळं फोटोशी ताडून बघत मी भराभर उभं केलं. मग लाकडी फिरता पाट जरा वळवला, मास्तर बाजूनं समोर आले, आणि नाकापाशी माझा हात थांबला. किती पुढं? शेंडा वर की खाली? नाकपुडी कुठून सुरू होते? फोटो गप्प. अशा वेळी हात काय करतो, तर जवळ जे नाक असेल ते चाचपतो. ओठाचा कोपरा कसा वळतो हे बघायला मूर्तिकार आपलाच ओठ दाबून बघतो, कान करताना आपलाच कान धरतो. त्यात गैर काही नाही. फक्त, चाचपून झाल्यावर ते विसरायचं असतं. मी चिमटीत माझं नाक धरायचो, अंतर बोटांत ठेवायचो, आणि तसंच्या तसं मास्तरांना देऊन टाकायचो.

बायकोला याचा वास फार आधी आला होता, पण तिला तरी काय कळणार कशाचा ते. संध्याकाळी मी घरात आलो की ती दारातच म्हणायची, ‘‘नाक पुसा आधी. रोज तुमच्या नाकालाच कशी काय माती लागते?’’

‘‘कलावंत मातीत बुडालेला असतो.’’

‘‘मग कान का कोरडे?’’

या प्रश्नावर मी तेव्हा जरा थांबलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण बायकोच्या प्रश्नावर थांबायची मला सवय नाही. मी हात धुऊन जेवायला बसलो.

मातीचे चेहरे झाले, त्यांवर प्लॅस्टरचे साचे घेतले, साच्यांत पुतळे ओतले, साचे फोडून पुतळे मोकळे केले. पांढरेशुभ्र पाच मास्तर मी शेडमधल्या लांब फळीवर ओळीनं मांडले. पाचही जणांची तोंडं दाराकडं, म्हणजे येणाऱ्याला पहिल्यांदा समोरूनच दर्शन. ही माझी हुशारी. स्वागताची हुशारी होती, लपवाछपवीची नव्हे. लपवायला आधी माहीत असावं लागतं.

लोक येऊन बघून जाऊ लागले. कार्यवाह आले, ‘हुबेहूब’ म्हणाले. एक दिवस मिरजगावहून एक शेतकरी आला. शेतकी शिकवणाऱ्या मास्तरांचा नातू. भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दाराशी ठेवून तो आजोबांच्या पुतळ्यासमोर उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

‘‘ह्योच की ओ! अगदी ह्योच आमचा आज्जा!’’

मी सुखावलो. सहज विचारलं, ‘‘तुम्ही पाहिलं होतं त्यांना?’’

‘‘न्हाई. मी जन्मायच्या आधीच गेल्ते. पर ह्येच त्ये.’’

त्या आठवड्यात मी बायकोला एकदोनदा म्हणालोसुद्धा, की आपल्या हाताला काहीतरी देणगी आहे, नाही का? ती शेंगा सोलत होती. म्हणाली, ‘‘शेंगा चांगल्या आहेत.’’

मग मावशी आल्या.

गाणं आणि गणित शिकवणाऱ्या मास्तरांच्या त्या कन्या. ऐंशी ओलांडलेल्या, इथल्याच एका दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या. पांढरी साडी, हातात छत्री, आणि समोरच्याला कधीही इंजेक्शन देतील असा चेहरा. रिक्षातून उतरल्या, रिक्षावाल्याला ‘थांबू नका, वेळ लागेल’ म्हणून पाठवून दिलं आणि शेडमध्ये आल्या. वडिलांच्या पुतळ्याकडं समोरून एक नजर टाकली, मान हलवली, आणि म्हणाल्या, ‘‘मास्तर, बसायला काही आहे का? बुटकं असलं तर बरं.’’

मी पुतळ्यासमोर स्टूल ठेवलं.

‘‘इथं नाही. तिथं, त्यांच्या डावीकडं.’’

मला वाटलं, उन्हाचा त्रास होत असेल. स्टूल हलवलं. पण बसण्याआधी त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. रोग्याला ऑपरेशन समजावतात तसं.

‘‘समोरून मी बाबांना फार कमी बघितलंय. जेवताना पंगतीत मी त्यांच्या शेजारी. शाळेच्या प्रार्थनेला आणि रविवारी चर्चमध्ये ते पायपेटी वाजवायचे. दोन्ही हात पट्ट्यांवर, दोन्ही पाय भात्यावर. मग गाण्याच्या पुस्तकाचं पान कोण उलटणार? मी. डावीकडं छोट्या स्टुलावर बसायचं आणि त्यांच्या नाकाकडं बघत राहायचं. पान संपत आलं की ते नाक जरास्सं वर करायचे. तेवढीच खूण. उशीर झाला की सूर तुटायचा आणि घरी गेल्यावर आईकडून बोलणी.’’

‘‘म्हणजे तुम्ही पुस्तकाकडं बघतच नव्हता?’’

‘‘मला कुठं ते वाचता येत होतं! नाक तेवढं वाचता यायचं.’’ त्या स्वतःशीच हसल्या. मग छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, ‘‘नाताळ झाला की मुलगा मला हैदराबादला नेणार आहे. घर आवरायला काढलंय. या वयात गेले की परत येणं होत नाही, मला माहिती आहे. घरात त्यांचा एकच फोटो, तोही तुमच्याकडं आहे तोच. त्यात ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. म्हणून म्हटलं, तुम्ही पुतळा करताय, पुतळ्याला बाजू असते. जायच्या आधी एकदा बाबांच्या शेजारी बसून घेते.’’

मी मोठ्या अभिमानानं म्हणालो, ‘‘बसा की. अगदी निवांत बसा.’’

त्या बसल्या. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. अशा वेळी कलावंतानं जरा लांब असावं, लोकांना रडताना संकोच होतो.

त्या रडल्या नाहीत. बराच वेळ बघत राहिल्या. मग मान पुढं काढून त्यांनी पलीकडच्या पुतळ्याकडं बघितलं, मग त्याच्या पलीकडच्या. स्टुलावरून त्यांना सगळी ओळच बाजूनं दिसत होती. दाराकडून येणाऱ्या एकाही माणसाला ती तशी दिसली नव्हती, आणि मला स्वतःलाही नाही, कारण मी नेहमी एकेकालाच वळवून बघायचो. शेवटी त्यांची नजर माझ्यावर आली.

‘‘मास्तर, जरा खिडकीबाहेर बघा.’’

मला वाटलं बाहेर कोणी आलंय. बघितलं.

‘‘तसेच थांबा. हलू नका.’’

उठल्या, जवळ आल्या आणि दोन बोटांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. ‘‘तोंड मिटा,’’ म्हणाल्या. मी मिटलं. मग घराकडं तोंड करून त्यांनी वॉर्डातला आवाज लावला, ‘‘घरात कोण आहे? बाई, जरा बाहेर या!’’

बायको पदराला हात पुसत आली. मावशींनी छत्रीच्या टोकानं आधी पुतळ्यांची ओळ दाखवली, मग मला. बायकोनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि प्लॅस्टरच्या पोत्यावर मटकन बसली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

‘‘कान का कोरडे ते आज कळलं!’’

मला अजून काहीच कळलं नव्हतं. तेव्हा तिनं मोबाईल आणून माझा बाजूनं फोटो काढला, मागं पाच मास्तर येतील असा, आणि माझ्या हातात दिला. साठी उलटून गेली होती, पण मी माझं नाक बाजूनं कधी बघितलंच नव्हतं. आरशात माणूस समोरूनच बघतो. बोटांना ते नाक पाठ होतं, डोळ्यांना परकं. त्या फोटोत आम्ही सहा भाऊ होतो, आणि सहावा तेवढा जिवंत.

तरी मी लगेच हार मानली नाही. म्हणालो, ‘‘मावशी, त्याचं काय असतं, प्लॅस्टर वाळताना जरा आकसतं.’’

‘‘आकसून तुझ्यासारखं होतं?’’

तेव्हापासून मी ‘मास्तर, तुम्ही’वरून ‘अरे, तू’वर आलो. मला ते बरं वाटलं असं आज म्हणतो. त्या क्षणी नाही वाटलं. त्या क्षणी त्या पुन्हा स्टुलावर बसल्या होत्या आणि पुतळ्याकडं बघून हळूच म्हणाल्या होत्या, ‘‘समोरून बाबा आहेत रे. शेजारी येऊन बसलं की कोणीतरी दुसराच.’’ हसू तिथंच थांबलं. बायकोनंही पदर नीट केला.

‘‘तुम्ही सांगा, मी बदलतो,’’ मी म्हणालो.

सांगणं सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी रिक्षानं यायच्या. घरी सामान बांधायला माणसं यायची, त्यांना ‘आले मी’ सांगून निघायच्या. मी छिन्नीनं आधी माझं नाक छाटून टाकलं. हे काम मी जरा हळवा होऊनच केलं. त्या जागी शाडू लावून नवं नाक घडवायला घेतलं.

‘‘लांब होतं,’’ त्या म्हणाल्या.

‘‘किती लांब?’’

‘‘बाबांचं होतं तेवढं.’’

लांब केलं तर ‘हे नाही, हे वकिलाचं’. बारीक केलं तर ‘आजारी दिसतात’. मधे उंचवटा दिला तर त्यांनी नुसतंच छत्रीनं जमिनीवर ठोकलं. रोज एक नवीन नाक व्हायचं आणि रोज ते चिमटीत धरून मी परत मातीच्या गोळ्यात टाकायचो. मावशींचा धीर सुटत चालला. एकदा म्हणाल्या, ‘‘मीच विसरले असेन. इतकी वर्षं झाली. मी समजते ते नाक त्यांचं नसेलच कदाचित.’’ हे त्या इतक्या सरळ आवाजात म्हणाल्या की मी हातातली कोरणी खाली ठेवली. माझ्या पाच नाकांची लाज मला तेव्हा वाटली नव्हती तेवढी आता वाटली. मी चूक केली एवढंच नव्हतं. माझ्या चुकीकडं बघून बघून त्यांची आठवणच डळमळायला लागली होती.

त्या दिवशी चहा घेऊन आलेली बायको दारातच थांबली. म्हणाली, ‘‘मावशी, तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?’’

‘‘एवढी,’’ मावशींनी कमरेजवळ हात दाखवला.

‘‘मग तुम्ही वर बघत असणार. आत्ता तुमचे डोळे आणि बाबांचे डोळे एका उंचीला आहेत.’’

बायकोनं चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातून गॅसचं रिकामं सिलिंडर ढकलत आणलं. त्यावर फळी टाकून आम्ही पुतळा उचलून ठेवला. मावशींनी स्टूल बाजूला सारून बसायला पाट घेतला. गुडघे दुखत होते तरी घेतला. खालून वर बघितलं, आणि एकदम म्हणाल्या, ‘‘आता बरोबर बसले मी!’’

त्यांना जे पाठ होतं ते नाक वरून खाली येणारं नव्हतंच. खालून दिसणारं होतं: नाकपुडीची कमान, शेंड्याखालची सपाट जागा, शेंडा जिथं ओठाकडं किंचित ओघळतो ती रेघ. मी आजवर ज्या भागाकडं कधी लक्षच दिलं नव्हतं, तोच भाग. मी त्यांच्या मागं, जवळजवळ जमिनीला टेकून बसलो, तिथून बघायचो, उठून हात लावायचो, परत येऊन बसायचो. त्या बारीक आवाजात काहीतरी गुणगुणायला लागल्या. शब्द नव्हते, नुसती चाल. मी शेंड्याखालची माती अंगठ्यानं जरा ओढली.

‘‘थांब.’’

मी थांबलो.

त्यांनी एकदा खालून वर नीट बघून घेतलं. मग पाटावरून उठताना माझ्या खांद्यावर हात टेकला, पर्स घेतली आणि म्हणाल्या, ‘‘रिक्षा बोलव. आता उद्घाटनालाच येईन.’’

ही गोष्ट इथं संपली असती तर माझी थोडी अब्रू राहिली असती.

त्या मातीच्या नाकाचा छोटा साचा घेऊन मी प्लॅस्टरचं नाक ओतलं, साचा फोडला, आणि नाक पुतळ्याला चिकटवलं. आता वाळलेलं प्लॅस्टर म्हणजे तहानलेला बैल. नवीन प्लॅस्टर लावायच्या आधी त्याला पोटभर पाणी पाजावं लागतं, नाहीतर ते नव्यातलंच पाणी ओढून घेतं आणि जोड भुसभुशीत होऊन सुटतो. हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं, फळ्यावर लिहून दिलं. उत्साहाच्या भरात स्वतःला सांगायचं तेवढं राहिलं.

उद्घाटनाला आठवडा असताना कार्यवाह टेम्पो घेऊन पुतळे न्यायला आले. गाण्याच्या मास्तरांच्या समोर उभे राहिले, म्हणाले, ‘‘हुबेहूब!’’ आणि प्रेमानं नाकावरची धूळ बोटानं पुसली. नाक धुळीसकट खाली आलं. फरशीवर पडून त्याचा चुरा झाला.

कार्यवाह तसेच बोट पुढं करून उभे. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला. ‘‘हे... हे माझ्याकडून नाही झालं.’’

‘‘नाही, नाही. हे माझंच,’’ मी म्हणालो.

‘‘तुमचं नाक?’’

‘‘चूक.’’

चार मास्तर टेम्पोतून गेले. पाचवे बिननाकाचे माझ्याकडं राहिले. साचा फोडलेला, नाकाचा चुरा झालेला, दुसरी प्रत कुठंच नाही. मी मोबाईल हातात घेतला. मावशींना बोलवायचं, दुसरं काय. बायकोनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

‘‘त्यांचं घर निम्मं खोक्यांत गेलंय. त्यांना परत पाटावर बसवू नका. इतके दिवस त्यांनी दाखवलं ते कुणाला दाखवलं? बसा तुम्हीच त्या पाटावर.’’

‘‘आणि मला आठवलं नाही तर?’’

‘‘नाही आठवलं तर नाही. पण तुमचं नाक परत लावू नका म्हणजे झालं.’’

मग त्या सकाळी शेडमध्ये जे चाललं ते कुणी बघितलं असतं तर आमच्या घराचं नाव गावभर झालं असतं. पुतळ्याला मी आधी नळी लावून पाणी पाजलं, थेंब बाहेर राहायला लागेपर्यंत. थोडं थोडं प्लॅस्टर कालवून चढवत गेलो. मधे मधे पाटावर येऊन खालून बघत होतो, परत उठत होतो. बायको दाराशी कोथिंबीर निवडत राखणीला बसलेली. सवयीनं माझा हात चेहऱ्याकडं जायला लागला की ती कोथिंबिरीतून मान वर न काढता ओरडायची, ‘‘हात खाली!’’

मी हात खाली घ्यायचो.

सुरुवातीला नुसती धडपड. मग कधीतरी मी ती चाल गुणगुणायला लागलो होतो. मला गाण्यातलं काही येत नाही. पण मावशींच्या मागं बसून बसून ती डोक्यात राहिली होती. त्या कशा मान तिरकी करून बघायच्या, कुठं त्यांचा श्वास थांबायचा, हे मला आठवत होतं. मास्तरांचं नाक मी कधी बघितलं नव्हतं. त्याच्याकडं बघणारं एक माणूस मात्र मी बरेच दिवस बघितलं होतं. त्यावरून केलं. बायकोचा ‘हात खाली’ कधी बंद झाला ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

बरोबर झालं की नाही हे सांगायला शेडमध्ये कोणीच नव्हतं. प्लॅस्टर कडक झालं, आणि मी पुतळा रिक्षात मांडीवर घेऊन शाळेत पोहोचवला. रिक्षावाला आरशातून सारखा मागं बघत होता.

उरलेल्या चौघांचंही सांगतो, नाहीतर तुम्ही विचाराल. मी कार्यवाहांना सगळं सांगून टाकलं. ते आधी रागावले, मग माझ्याकडं बाजूनं बघायला आले, मग त्यांना हसू आवरेना. तिघांचे जुने विद्यार्थी, लेकी-सुना हुडकून काढल्या. एक सुनबाई म्हणाल्या, ‘मी पदराआडून बाजूनंच बघितलंय त्यांना, समोर कधी उभी राहिले नाही’, आणि हातानं हवेत नाक काढून दाखवलं. ती तीन नाकं उद्घाटनाआधी दालनातच, चौथऱ्यावर बसल्या जागी बदलली. मिरजगावच्या नातवाला फोन केला तर तो घाबरला.

‘‘न्हाई, न्हाई, हात लावू नका! मी काढल्याला पुतळ्याचा फोटू समद्यांनी बघितलाय. माझ्या बारक्याचं नाक अगदी तसंच हाय. समदी म्हनत्यात, आज्ज्यावर गेलाय.’’

त्या बारक्याला मी ओळखत नाही, हे इथं स्पष्ट सांगून ठेवतो. तर ते एक नाक अजून दालनात आहे. ज्याला बघायचंय त्यानं जाऊन बघावं.

तेव्हापासून कोणी फोटो घेऊन आलं की मी आधी विचारतो, ‘यांच्या शेजारी कोण बसायचं?’ लोकांना प्रश्न चमत्कारिक वाटतो. पण कोणीतरी असतंच. स्कूटरवर मागं बसणारी बायको असते, दुकानात गल्ल्याशेजारी बसणारा भाऊ असतो. ती माणसं येतात आणि मला चेहऱ्याची अशी एखादी जागा सांगतात की फोटोग्राफर सात जन्मांत ती टिपणार नाही. एवढी वर्षं शिकवून मला जे कळलं नव्हतं ते निवृत्तीनंतर एका नर्सनं हनुवटी धरून दाखवलं, आणि ते औषध कडू होतं असं मी म्हणणार नाही.

उद्घाटन शाळेच्या पटांगणात होतं. भाषणं चालली होती, कार्यवाह ‘हुबेहूब’वर आले होते. मी आधीच दालनात जाऊन बसलो होतो. गाण्याच्या मास्तरांचा चौथरा मी मुद्दाम उंच करून घेतला होता, आणि त्याच्या डावीकडं एक बुटकं स्टूल ठेवलं होतं.

मावशी मुलाच्या हाताला धरून आल्या. नाक तुटल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते त्यांनीच ‘थांब’ म्हटलेलं नाक होतं. येताना शेतकीच्या मास्तरांपाशी त्या थबकल्या, त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

‘‘हा राहिला वाटतं.’’

‘‘घरचे नको म्हणाले.’’

‘‘बरं झालं. तुझीही सोय झाली.’’

मुलाला त्यांनी दाराशीच थांबवलं. छत्री भिंतीला टेकवली आणि स्टुलावर बसल्या. खिडकीतून तिरपा उजेड येत होता. बाहेर टाळ्या झाल्या, मग पोरांची प्रार्थना सुरू झाली, साथीला पेटी. पायपेटी नव्हे, हल्लीची, बटणांची. मावशींनी मान वर केली.

त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मी त्यांच्या मागं होतो. मला परीक्षेला बसलेल्या पोराच्याही वर ताण. हे ते नाक आहे, की पुन्हा मी माझंच काहीतरी आणून बसवलंय? त्या हलत नव्हत्या. प्रार्थनेचं पहिलं कडवं संपत आलं, आणि मांडीवरचा त्यांचा उजवा हात आपोआप उचलला गेला, दोन बोटं जुळली, आणि हवेत एक पान उलटून परत मांडीवर आला.

मला राहवलं नाही. मी वाकून पुढं आलो, त्यांच्या आणि पुतळ्याच्या मधे तोंड घातलं आणि विचारलं, ‘‘काय मावशी, जमलं का?’’

‘‘बाजूला सरक आधी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुझं नाक मधे येतंय.’’